गोष्ट आणि तात्पर्य : खान्देशातील भाषेचा तास

गोष्ट संपल्यावर तिच्याखाली आडवी रेघ ओढून 'तात्पर्य' छापण्याची रीत मराठी वाचकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती आपल्याकडे बाहेरून आली असेल असा संशयही सहसा कोणाला येत नाही. आमच्या आजीपणजींनी सांगितलेल्या गोष्टींना तात्पर्य नव्हते. गोष्ट संपली की दिवा मालवला जाई. कोल्हा शहाणा की लबाड, राजा चुकला की राणी, हे ऐकणाऱ्याने अंथरुणात पडल्यापडल्या स्वतःशीच ठरवायचे असे. शाळेने ही सवय मोडली. ती कशी मोडली, आणि खान्देशासारख्या एका कोपऱ्यातील प्रदेशात ती पुन्हा जोडण्याचे कोणते प्रयत्न झाले, याचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून शाळेत लोककथा शिकवाव्यात, असे आज सर्वत्र म्हटले जाते. म्हणूनच हा इतिहास पाहून ठेवणे उपयोगाचे ठरेल.

छापील मराठी पुस्तकांच्या आरंभीच्या काळातच नीतिकथा आल्या. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' या नावाने इसापाच्या गोष्टी मराठीत निघाल्या. पुढे मुंबईस शाळापुस्तक मंडळीच्या आश्रयाने सदाशिव काशीनाथ, अर्थात बापू छत्रे, यांनी १८२८ साली 'बाळमित्र' व 'इसपनीतिकथा' ही दोन पुस्तके दिली. 'बाळमित्रा'चे मूळ बर्क्विन नावाच्या फ्रेंच लेखकाचे, ते इंग्रजीतून मराठीत आले. छत्र्यांची भाषा आजही गोड वाटते. त्यांच्या कामगिरीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठी मुलाच्या हाती भाषा शिकण्यासाठी पहिले पुस्तक पडले, तेव्हा त्यातील शहाणपण ग्रीस आणि फ्रान्स येथून आले होते. त्याच वेळी त्या मुलाच्या घरी, पहाटे जात्यावर बसलेली त्याची आई ओव्यांतून जे शहाणपण दळत होती, त्याला पुस्तकात जागा नव्हती.

ही भाषा तरी कोणाची? मोल्सवर्थ आणि मेजर कँडी यांनी कोशाचे आणि पाठ्यपुस्तकांचे जे काम केले, त्यात पुण्याकडील शिष्ट लोकांची मराठी हीच प्रमाण ठरली. राज्यकारभाराला आणि छपाईला एक ठाम वळण हवे असते हे खरे; त्यावाचून आज आम्ही हा लेखही लिहू शकलो नसतो. परंतु तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठी राहणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ निराळा लागला. त्याच्या घरात 'माझा' नव्हते, 'मना' होते. 'तुझा' नव्हते, 'तुना' होते. 'आहे' नव्हते, 'शे' होते. मुलगा 'आंडोर' होता आणि मुलगी 'आंडेर'. जळगाव, यावल, रावेरकडच्या लेवा गणबोलीची तऱ्हा आणखी वेगळी. सातपुड्याच्या कुशीतील भिल्ल आणि पावरा मुलांची तर भाषाच निराळी. १९०६ साली खान्देशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. त्यानंतर लगेच, १९०७ साली, ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा जो खंड निघाला त्यात खान्देशीची नोंद मराठीच्या खंडात न होता भिल्ली भाषांच्या सोबत झाली. अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. वर्गातील मुलाला मात्र एवढेच कळत होते की, तो घरी जसा बोलतो तसा बोलला तर इतर मुले हसतात आणि गुरुजी दुरुस्ती करतात.

म्हणजे भाषेच्या तासाला दोन धडे एकाच वेळी चालत. एक पुस्तकातला : खरे बोलावे, आईवडिलांचा मान ठेवावा. दुसरा न छापलेला : तुझ्या आईचे बोलणे अशुद्ध आहे. यांपैकी मुलाच्या मनात खोलवर कोणता उतरला असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

या पार्श्वभूमीवर १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात एक तरुण शिक्षक रुजू झाले. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे नाव. जन्म १८९९ सालचा, कोकणातील पालगडचा. अमळनेरास ते आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी, आणि राहिले ते मुलांसाठी. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांचे अस्ताव्यस्त पडलेले कपडे त्यांनी निमूटपणे धुऊन घड्या घालून ठेवावेत, खोल्या झाडाव्यात, आणि याबद्दल एक अक्षरही बोलू नये, अशी त्यांची पद्धत होती. नीटनेटकेपणावर व्याख्यान देणारे शिक्षक त्या काळी पुष्कळ होते. 'छात्रालय दैनिक' या नावाचे हस्तलिखित ते रोज स्वतः लिहून मुलांसमोर ठेवीत. गोष्टी, चरित्रे, सभोवतीच्या जगातील वार्ता, मुलांच्या वागण्यातले काही हळुवारपणे सांगावयाचे असेल तर ते, असे सारे त्यात येई. सहा वर्षे हे चालले. १९३० साली सत्याग्रहाच्या हाकेसरशी त्यांनी नोकरी सोडली.

साने गुरुजींच्या कार्याकडे देशभक्त किंवा साहित्यिक म्हणून पाहण्याची आपणांस सवय आहे. शिक्षक म्हणून त्यांनी जे केले ते आम्हांला अधिक मोलाचे वाटते. कथा सांगणारा आणि कथेतील शिकवण यांच्यामध्ये अंतर असता कामा नये, हे लोककथेचे जुने रहस्य त्यांनी शाळेत आणले. जात्यावरची ओवी श्रमाचे महत्त्व सांगत नाही. ती श्रम करीत असताना म्हटली जाते. ओवी आणि धडा यांत हाच फरक आहे.

धुळ्याचा तुरुंगही या इतिहासात येतो. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी, विनोबांनी त्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ऐकणारे कैदी होते, शिकलेले आणि न शिकलेले. साने गुरुजी ती भराभर उतरून घेत. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यातून झाला. दृष्टान्त शेतातले, स्वयंपाकघरातले, आणि भाषा शेतकऱ्याला कळेल अशी. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. तिची रचना पाहावी. एका आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम सोबत्यांना रोज रात्री एक गोष्ट सांगतो. अशा ४२ रात्री. ही कादंबरीची रचना नव्हे, ओट्यावरच्या गोष्टींची आहे. त्यातील एक प्रसंग बहुतेक वाचकांना आठवत असेल. न्हाऊन झाल्यावर ओल्या पायांना माती लागेल म्हणून छोटा श्याम हट्ट धरतो. आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते आणि त्यावर त्याला पाय ठेवू देते. मग ती म्हणते की, पायांना जसा जपतोस तसा मनालाही घाण लागू नये म्हणून जप. येथे आईने उपदेश केलाच आहे. पण तिचे लुगडे आधी ओले झाले आहे.

या गोष्टी कोकणातल्या, आणि ऐकणारी वा वाचणारी मुले खान्देशातली. तरीही त्या परक्या वाटल्या नाहीत. गुरुजींनी पुढे स्त्रियांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' या नावाने दोन भागांत प्रसिद्ध केल्या. माहेर, भाऊ, बाळ, सासर, देव असे विषय घेऊन अनामिक बायकांची ही कविता त्यांनी एका ठिकाणी आणली. नुसते संकलन म्हणून नव्हे, तर शिकलेल्या मराठी माणसाने आपल्या न शिकलेल्या आईपुढे बसून घेतलेला धडा म्हणून या पुस्तकाकडे पाहावे. लोकसाहित्याच्या अभ्यासकांत त्याची चर्चा होते. शिक्षकांत ती व्हावी तितकी होत नाही. गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि गोष्ट सांगण्याची ही परंपरा महाराष्ट्रभर शाळाशाळांतून नेली.

गुरुजी अमळनेरास मुलांना गोष्टी सांगत होते, त्या काळात तेथून काही कोसांवर, जळगावच्या चौधरीवाड्यात, एक विधवा शेतकरीण जात्यावर आणि शेतात गाणी रचीत होती. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोद्याचा. त्यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले, मुले लहान होती, आणि शेत होते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती गाणी जमेल तशी कागदावर उतरली म्हणून ती राहिली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. सोपानदेवांनी दाखविलेली वही पाहून आचार्य अत्रे थक्क झाले आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली.

अत्रे यांचे नाव येथे योगायोगाने येत नाही. ते व्यवसायाने शिक्षक होते. 'नवयुग वाचनमाला' काढून त्यांनी शाळेतल्या मराठीच्या पुस्तकाचे रूप पालटले होते. बहिणाबाईंची गाणी प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच त्यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटास मिळाले. खान्देशात वाढलेली ही दोन रोपे महाराष्ट्राच्या घराघरांत नेण्यास एकाच गृहस्थांचा हात लागला, ही मौजेची गोष्ट आहे.

काटेकोरपणे पाहता बहिणाबाईंची कविता लोकसाहित्य नव्हे, कारण तिला कर्ता आहे. परंतु ती लोकसाहित्याच्याच वाफ्यात उगवली. ओवीचा छंद, म्हणींची धार, सणावारांचा क्रम, सारे तिथले. तिच्यामुळे शाळेच्या पुस्तकात एक नवीच गोष्ट घडली. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, १९६७ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या अनेक पिढ्यांनी सुगरणीच्या खोप्याची कविता शाळेत वाचली आहे. नुसत्या चोचीने पिलांसाठी घर विणणारी ती पाखरी, आणि दोन हात व दहा बोटे असलेल्या माणसाला विचारलेला तो प्रश्न. श्रमप्रतिष्ठा, वात्सल्य, कौशल्य ही मूल्ये त्यात आहेतच. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो 'मले' आणि 'तुले' असा उच्चार प्रथमच छापील पानावर, मान्यतेच्या शिक्क्यासह, आला. जळगाव भागातील वर्गात ही कविता वाचायला घेतली की एक गंमत होते. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी शेतकऱ्याची मुलगी ती गुरुजींपेक्षा सरस म्हणते. पुण्यामुंबईहून बदलून आलेल्या शिक्षकाला तिचे उच्चार तिच्याकडून शिकावे लागतात. त्या पंचेचाळीस मिनिटांत त्या मुलीच्या मनात जे घडते, त्याला स्वाभिमान हे नाव आहे. आणि स्वाभिमान हे मूल्य शासनाच्या यादीत नसले, तरी बाकीची मूल्ये त्याच्याच आधाराने उभी राहतात असे आम्हांस वाटते.

यादीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक सांगितले. नव्वदच्या दशकात राज्यातील शाळांतून मूल्यशिक्षणाचा परिपाठ आला. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, सर्वधर्मसहिष्णुता इत्यादी दहा मूल्ये भिंतींवर रंगविली गेली. हेतू उत्तम होता. पण यादी हाती आली की शिक्षक गोष्टींचा शोध मूल्यांच्या क्रमाने घेऊ लागतो : वक्तशीरपणासाठी एक, सौजन्यासाठी एक. आणि लोककथा या कामी फार बेभरवशाची असते!

आपल्या सर्वांना पाठ असलेली चिमणी-कावळ्याची गोष्टच घ्या. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते. भिजलेला कावळा दारात उभा, आणि चिमणी आतून एकामागून एक सबबी सांगते आहे, बाळाची न्हाणी, तीट, काजळ! कोणते मूल्य शिकावे यातून? आतिथ्य तर खासच नव्हे. किंवा ती भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी. वाघाला आणि कोल्ह्याला तिने उघड उघड थापा मारल्या आहेत. सत्यवचनाच्या कसोटीवर ती नापास होईल. तरीही पिढ्यान् पिढ्या मुले तिच्या बाजूने उभी राहिली, कारण दुबळ्याच्या अंगी अक्कल असेल तर तो तरतो, हे तिने त्यांना हसत हसत सांगितले. यादीत न बसणारी ही शिकवण गरीब माणसाच्या घरी फार लागते. दुसरीकडे सावत्र आईचा छळ, सुनेने मुकाट सोसण्याचे कौतुक, एखाद्या जातीची टवाळी हेही लोककथांत भरपूर आहे. लोकांचे म्हणून ते सारेच चांगले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. निवडावे लागतेच. निवडताना मुलांशी बोलावेही लागते.

कशा प्रकारे बोलता येते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. श्रावणात सांगितली जाणारी खुलभर दुधाची कहाणी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. खान्देशही त्याला अपवाद नाही. राजाला वाटले, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. त्याने हुकूम सोडला, गावातील सर्व दूध देवळात आणावे. लोकांनी धाकाने वासरांचे तोडून, लेकरांचे राखून न ठेवता, सगळे दूध नेऊन ओतले. गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरचे काम उरकले होते, मुलांना पाजले होते, वासरांना सोडले होते, सर्वांचा आत्मा थंड केला होता. उरलेले खुलभर दूध घेऊन ती आली आणि तेवढ्याने गाभारा भरला. राजाने कारण विचारले तेव्हा तिने भीत भीत सांगितले की, तुझ्या हुकुमाने वासरे आणि लेकरे तळमळली, देवाला ते रुचले नाही.

सी. ए. किंकेड या मुंबई इलाख्यातील इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली श्रावणातल्या कहाण्यांचे इंग्रजी पुस्तक काढले, त्यात ही कहाणी आहे. आपल्या ख्रिस्ती वाचकांना ती वाचताना मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणारी विधवा आठवल्याशिवाय राहणार नाही. दोघी गरीब, दोघींचे दान लहान, आणि दोघींचेच दान पोहोचले. पण फरकही आहे. त्या विधवेने आपल्या उपजीविकेतले सर्वस्व दिले. या म्हातारीने आधी भुकेल्यांना दिले आणि मग उरलेले देवाला. कोणाचे बरोबर? वर्गात हा प्रश्न टाकून शिक्षकाने गप्प बसावे. सहावी-सातवीची मुले अर्धा तास वाद घालतील. राजाचा हुकूम चुकीचा असू शकतो का, हुकूम मोडणाऱ्या म्हातारीला धीर कोठून आला, देवाच्या नावाने घेतलेले दूध कोणाचे होते, इथपर्यंत ती आपण होऊन येतील. याउलट फळ्यावर 'तात्पर्य : भूतदया' असे लिहिले की पाच मिनिटांत वर्ग मोकळा. प्रभू येशूने दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगितला, तेव्हाही शेवटी त्याने शास्त्र्यालाच विचारले, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला?

आपल्या समाजाच्या इतिहासात लोकांच्या छंदाचा आणि लोकांच्या गोष्टींचा मान फार जुना आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले ते ओवीत, सुमारे ११,००० ओव्या. कारण श्रोत्यांच्या कानाला तोच छंद ओळखीचा होता. आणखी एक नाव सहसा आठवले जात नाही, ॲना लिबेराता डिसूझा यांचे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या घरची ही ख्रिस्ती आया. १८६५-६६ च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर असताना गव्हर्नरांची कन्या मेरी हिला तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. त्या १८६८ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाल्या, आणि हिंदी लोककथांच्या आरंभीच्या संग्रहांत त्यांची गणना होते. साहेबाच्या मुलीला आपल्या आयेच्या गोष्टी लिहून घ्याव्याशा वाटल्या. आपल्या मुलांच्या बाबतीत तसे सांगता येईल काय?

हा प्रश्न केवळ आपला नाही, हे कळावे म्हणून जरा दूर, इंडोनेशियात, पाहू. हजारो बेटांचा हा देश. घरोघरी शेकडो निरनिराळ्या भाषा, आणि शाळेत एक राष्ट्रभाषा. १९२८ सालच्या तरुणांच्या प्रतिज्ञेत त्यांनी तिचा स्वीकार केला. तेथे शाळांतून चारित्र्यशिक्षण बळकट करण्यासाठी २०१७ साली राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, आणि इंडोनेशियन भाषेच्या तासाला प्रांतोप्रांतीच्या लोककथा शिकविण्याकडे शिक्षकांचा मोठा ओढा आहे. त्यांतील एक प्रसिद्ध कथा पश्चिम सुमात्रातील मालिन कुंडांगची. गरीब विधवेचा मुलगा जहाजावर जातो, श्रीमंत होतो, सुंदर बायको करतो. एके दिवशी त्याचे गलबत त्याच्याच गावाच्या किनाऱ्याला लागते. फाटक्या वस्त्रांतली आई धावत येते. बायकोसमोर त्याला लाज वाटते. तो म्हणतो, ही माझी आई नव्हे. आई शाप देते आणि मुलाचा दगड होतो. पाडांग शहराजवळच्या समुद्रकाठी तो दगड आजही दाखवितात.

मातृभक्तीचा धडा म्हणून ही कथा उत्तम. पण तिच्यात एक गोची आहे, आणि ती आपल्याकडेही तशीच आहे. सुमात्रातील आजी ही कथा आपल्या मिनांगकाबाऊ भाषेत सांगत आली. शाळेत ती राष्ट्रभाषेत शिकविली जाते. खान्देशातले मूल 'श्यामची आई' प्रमाण मराठीत वाचते, आणि पालकसभेला आलेली त्याची स्वतःची आई 'मना आंडोर' म्हणाली की मान खाली घालते. मालिनचा दगड झाला तो आईला मारले म्हणून नव्हे, तिची लाज वाटली म्हणून. ही लाज जर शाळाच शिकवीत असेल, तर आईच्या थोरवीच्या शंभर गोष्टी सांगूनही तिची भरपाई होणे नाही.

ही लाज मोजता येत नाही, पण तिची सावली आकड्यांत दिसते. २००१ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे वीस लाखांहून अधिक होते. २०११ साली ते सुमारे साडेअठरा लाखांवर आले. लोकसंख्या वाढत असताना ही घट झाली आहे. तेवढी माणसे दहा वर्षांत गावे सोडून गेली असे नव्हे. बहुतेकांनी जनगणना करणाऱ्याला दारात उभे राहून दुसऱ्या भाषेचे नाव सांगितले असावे.

याच काळात उलट दिशेनेही काम झाले आहे, हे नमूद केले पाहिजे. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला. डॉ. सुधीर देवरे यांनी 'ढोल' या नियतकालिकातून अहिराणीला व्यासपीठ दिले. शहाद्याकडचे वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा काव्यसंग्रह १९८७ साली आला आणि भिल्ली बोलणाऱ्या मुलाला आपली भाषा कवितेची असू शकते हे कळले. जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी असे म्हटले आहे. धोरण कागदावरून वर्गात उतरण्यास काळ लागतो, पण उद्याच्या तासाला एखाद्या शिक्षकाने मुलांना, आजीकडून एक गोष्ट ऐकून या आणि ती तिच्याच शब्दांत सांगा, असे म्हणण्यास कोणत्याही आदेशाची गरज नाही. मूल ती सांगेल तेव्हा मधेच शुद्ध करू नये, एवढेच पथ्य.

आपल्या धर्मग्रामांचा विचार केला तर हे काम आपल्याला सोपेही आहे आणि अवघडही. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि जळगाव-धुळे त्यात आले. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या जुन्या कुटुंबांपासून ते सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत, एकाच मिस्साला येणाऱ्या माणसांच्या घरी चार-पाच भाषा आहेत. बरीचशी मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. त्यांना सिंड्रेला ठाऊक असते. भुलाबाई हे नाव त्यांनी ऐकलेले नसते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरत आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखण्याची पैज लावीत. त्या खेळात शब्दांची चलाखी होती, वाटून खाणे होते, आणि ज्या घरी खाऊ साधा असे त्या घराला न हसण्याची शिस्तही होती. तिचे व्रत कोणी करावे असे आम्ही सुचवीत नाही. पण गल्लीतल्या मुलीकडून ते गाणे ऐकावे, त्यातील शब्दांचा अर्थ तिला विचारावा, यात आपल्या श्रद्धेला धक्का लागण्याजोगे काय आहे?

उन्हाळ्याच्या सुटीत आपल्याकडे बालशिबिरे भरतात. धर्मशिक्षण, चित्रकला, खेळ, सारे व्यवस्थित असते. त्यात एक दुपार धर्मग्रामातील वृद्ध स्त्रियांसाठी ठेवता येईल. व्यासपीठ नको, ध्वनिक्षेपक नको, चटई पुरे. ज्या बाईला आपले बोलणे अडाणी वाटते म्हणून ती चर्चच्या सभेत कधी तोंड उघडत नाही, तिलाच आधी बोलवावे. मुलांनी वही न्यावी आणि ती बोलेल तसे लिहून घ्यावे, 'शे' ला 'शे' च लिहावे. जात्यावर दळलेले आठवणाऱ्या बाया आज बहुधा सत्तरीच्या पुढे आहेत. सोपानदेवांना आपल्या आईची गाणी उतरून घेण्यास वेळ मिळाला, तरी कितीतरी गाणी निसटलीच. गोष्ट संपल्यावर मुले विचारतील, पुढे काय झाले? म्हातारीने हवे तर सांगावे, नाहीतर उठून चहा टाकावा.